संगणकाचा पंखा का ओरडतो?

ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा संगणकाचा वेग वाढवण्याची, म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’ची, हौस आता आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांतही शिरली आहे. परभणीच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर गेला, की ही हौस मागच्या पेटीतून ओरडू लागते. ही पेटी म्हणजे एसएमपीएस. घरातली 230 व्होल्टची वीज यंत्राला पचेल अशी करून देणारी.

ओरडण्यामागचे गणित मला मोठे गमतीचे वाटते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले, की ती जवळजवळ एकतृतीयांशाने चढते! त्यात पेटी 80 टक्के कार्यक्षम असली, तर 200 वॅट देताना 50 वॅट तिच्याच पोटात उष्णता होऊन राहतात. 300 देताना 75. बहुतेक पेट्यांत पंखा या तापाबरोबर वेग घेतो.

आवाज कुठला, हे मी कागदाची सुरळी कानाला लावून ठरवतो. मग यंत्र मूळ वेगावर आणून तेच काम पुन्हा करतो. सूंसूं थांबली तर पंखा निर्दोष; हौस आवरावी, नाहीतर मोठ्या क्षमतेची पेटी घ्यावी. थंड यंत्र सुरू करताच घरघर झाली, तर बहुधा बेअरिंग झिजलेले असते. जाळीवरची धूळ, मानवत-सेलूकडे कापसाचे तंतूही, यंत्र बंद करून ब्रशाने झाडावी.

पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब उरलेला असू शकतो. आवाज नको म्हणून पंख्याची तारच तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्याच यंत्रात खोलीतल्या चौघांचे लघुप्रबंध होते.