सायकल देण्यापूर्वी चार तपासण्या

घरात पडून असलेली सायकल पाड्यावरच्या शाळकरी मुलीला द्यावी, असे पुष्कळांच्या मनात येते. विचार चांगला आहे. पण तिच्या वाटेवर उतार असतो आणि पंक्चरचे दुकान जवळ नसते. म्हणून सायकल घरूनच तयार करून द्यावी.

१. ब्रेक : ब्रेक अर्धा दाबताच चाक अडले पाहिजे. रबर रिमलाच टेकावे, टायरला घासू नये. कडक झालेले रबर बदला. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार कमी लागतो. पावसात उतारावर सुरुवातीपासूनच ब्रेक हलके दाबत उतरावे, हे तिला सांगा.

२. टायर : पडून राहिलेल्या टायरला भेगा पडतात, त्या पाहा. हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी कमी झाली, तर ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधा.

३. चेन : एका पिनपासून पुढच्या २४ व्या पिनपर्यंत नवी चेन ३०.५ सेंटिमीटर भरते. ३०.८ भरली, तर बदला. चांगली असेल तर पुसून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडा व वरचे तेल टिपून घ्या. नाहीतर धूळ चिकटते.

४. नट : चाके, हँडल व सीट यांचे नट आवळा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा.

सोबत पंप, पाना व पंक्चरचे सामान द्या आणि पंक्चर काढायला एकदा शिकवा. म्हणजे टायर बसला तरी तिची शाळा बुडणार नाही.