तळ्याचा तळ आणि सोन्याचा माग

प्रश्न : कॅनडात तळ्यांच्या तळाचा नकाशा काढून सोनं शोधतात, असं एका चित्रफितीत पाहिलं. पाण्याची खोली मोजून सोनं कसं कळणार? माझ्या मेहुण्याकडे मासे हुडकायचं यंत्र आहे. ते घेऊन आम्ही कोयनेच्या शिवसागर जलाशयात फिरलो तर काही हाती लागेल का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : खोली मोजून सोनं कळत नाही, खडक कुठे मोडलाय याचा अंदाज येतो. आणि कॅनडातलं बरंचसं सोनं अशा मोडक्या खडकाच्या आसपासच सापडलं आहे.

सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वी तिथल्या मोठमोठ्या भेगांतून पोटातलं तप्त पाणी वर आलं आणि त्यातलं सोनं गारगोटीच्या शिरांमध्ये साचलं. भेगेलगतचा खडक मात्र भरडला गेला. पुढे हिमयुगात किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचं बर्फ त्यावरून सरकलं. घट्ट खडक टिकला, भरडलेला निघून गेला. बर्फ वितळल्यावर त्या चरांत पाणी साठलं. म्हणून लांबट, अरुंद, सरळ तळं दिसलं की तिथला भूशास्त्रज्ञ थबकतो.

नुनावुतमधल्या मेडोबँकला तर सोनं थेट तळ्याखाली निघालं. बांध घालून तळ्याचा तेवढा भाग उपसला आणि 2010 मध्ये खाण सुरू झाली.

मेहुण्यांचं यंत्र आणि शोधपथकाचं यंत्र एकाच तत्त्वावर चालतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. खाली सोडलेला ध्वनी 0.04 सेकंदात परतला, तर जाऊन-येऊन 60 मीटर, म्हणजे खोली 30 मीटर. असे हजारो आकडे जोडले की तळ उमटतो. मग पाहायचं ते असं : सरळ चर आहे का? तो शेजारच्या तळ्यात त्याच रेषेत पुढे जातो का? मध्येच तुटून बाजूला सरकलाय का?

पण चर दिसला म्हणून सोनं आहे असं नाही. कोऱ्या भेगाही पुष्कळ असतात, आणि कधी गाळाने चर बुजूनही जातो. त्यामुळे खडकाचं चुंबकत्व मोजतात, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावरच यंत्र उभं करून खाली भोक पाडतात.

दुसरा माग झिजेचा. बर्फाने खरवडलेला खडक गेला कुठे? तो मातीत मिसळून पुढे पसरला. त्या मातीचे दहा-दहा किलोचे नमुने घेऊन, आपले झारेकरी सराफाच्या दुकानातला कचरा धुतात तसे धुतात. सोन्याचा कण खडबडीत, जसाच्या तसा असेल तर मूळ जागा जवळ. कडा दुमडलेला, गुळगुळीत झालेला असेल तर तो लांबून आलेला. बर्फ कोणत्या दिशेने गेलं हे उघड्या खडकावरचे ओरखडे सांगतात. त्याच्या उलट दिशेने चालत जायचं आणि वाटेत तळं लागलं तर तळ पाहायचा.

आता शिवसागर. कोयना महाबळेश्वरहून हेळवाकपर्यंत जवळजवळ सरळ दक्षिणेला वाहते आणि तिथे एकदम पूर्वेला वळते. या सरळपणामागे भेग असावी, असं अनेक भूशास्त्रज्ञांना वाटत आलं आहे. तेव्हा तुमची शंका अगदीच वावगी नाही. पण जलाशय धरणाने झालेला, तळ नदीच्या जुन्या खोऱ्याचा, आणि खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा. सोनं धरणारे जुने खडक कर्नाटकात हट्टी-कोलारकडे उघड्यावर आहेत. आपल्याकडे ते लाव्हाने झाकले. कोयनेजवळ रासाटीला शास्त्रज्ञांनी भोक पाडलं, तेव्हा सुमारे 930 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. मेहुण्यांच्या यंत्राने मासेच शोधावेत, तेही परवानगी काढून.