मूळ राहणार, हल्ली मुक्काम

पारनेर

चि. बाळास,


तुझे पत्र पावले. लंडनातील भाड्याच्या खोलीचा उल्लेख तू आरंभी ‘होम’ म्हणून केला आहेस, पुढे दिवाळीस ‘होम’ला येणार असे लिहिताना तोच शब्द पारनेरच्या घरास लावला आहेस, आणि शेवटी विद्यापीठाच्या अर्जातील ‘होम अ‍ॅड्रेस’च्या रकान्यात नेमके काय लिहावे असे मला विचारले आहेस. प्रश्न रकान्यापुरताच असता तर उत्तर एका ओळीत संपले असते. परंतु या शब्दाचा आपल्या देशाशी, आणि विशेषेकरून आपल्या नगर जिल्ह्याशी, जो जुना संबंध आहे तो तुला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हिंदुस्थानात हुद्द्यावर आलेले इंग्रज अधिकारी उमेदीची सारी वर्षे येथे घालवीत, बंगले बांधीत, बागा लावीत, कित्येकांची मुलेही येथेच जन्मत. तरी त्यांच्या तोंडी ‘होम’ म्हणजे विलायत. परमुलखात गेलेल्या माणसाला आपल्या मुलखाची ओढ असावी यात गैर काहीच नाही, आणि गोष्ट तेवढीच असती तर तिच्यात दोष काढण्याचे कारण नव्हते. परंतु सरकारी जमाखर्चात ‘होम चार्जेस’ नावाचे एक सदर असे, आणि लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरील व्याज अशा मोठाल्या रकमा त्या सदराखाली येथल्या रयतेच्या वसुलातून दरसाल समुद्रापार रवाना होत. दादाभाई नौरोजींनी हयातभर ज्या द्रव्यशोषणाचा हिशेब मांडला, त्यातली ही एक ठळक बाब होती. वास्तव्य येथे, घर तेथे, आणि त्या घराचा भार तिसऱ्याच्याच माथी, असा तो व्यवहार होता.

हाच शब्द पुढे लोकमान्यांनी उचलला. एप्रिल 1916 मध्ये बेळगावास होमरूल लीगची स्थापना झाली, आणि 31 मे व 1 जून या दोन दिवशी लोकमान्यांची नगरला त्या विषयावर व्याख्याने झाली. परका कोणास म्हणावे, हा प्रश्न त्यांनी तेथे घेतला. आणि परकेपणा धर्मावरून किंवा कातडीच्या रंगावरून ठरत नसून हितसंबंधावरून ठरतो, या देशाच्या लोकांचे हित जो साधील तो इंग्रज असला तरी परका नव्हे, अशा आशयाचे विवेचन केले. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढून आलेल्या पुरुषाने हे बोलावे, यात मला त्यांच्या बुद्धीइतकेच अंतःकरणाचेही मोठेपण दिसते. बेळगावचे एक आणि नगरची दोन, अशा तीन व्याख्यानांवरून सरकारने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि 9 नोव्हेंबर 1916 रोजी मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द ठरविला. घर कोणाचे, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर आपल्या जिल्ह्याच्या गावी असे दिले गेले आहे, आणि त्यासाठी इंग्रजी कोश उघडण्याची मला कधी गरज वाटली नाही.

त्या उत्तराचा आचार पाहावयाचा तर आपल्याच गावच्या सेनापती बापटांचे चरित्र पाहा. त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरास झाला, पण घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. म्हणजे ज्या पुरुषाच्या नावाने पारनेर ओळखले जाते त्याचे मूळ सह्याद्रीच्या पलीकडले. शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले, श्यामजी कृष्णवर्म्यांच्या ‘इंडिया हाऊस’मधल्या मंडळींत मिसळले, शिष्यवृत्ती गमावली, आणि परतल्यावर हाती झाडू घेऊन त्यांनी सार्वजनिक रस्ते झाडले. टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील गावे बुडणार असे ठरले, तेव्हा तेथे त्यांचे ना शेत होते ना घर; तरी मावळ्यांच्या घरादारांसाठी त्यांनी 1921 साली सत्याग्रह मांडला, तुरुंगवास सोसला, आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना त्याच लढ्यातून मिळाली. धरण झाले, गावे गेली. पण मुळशीला ते उपरे होते असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे?

आपल्या कचेरीच्या भाषेत, फिर्यादीत किंवा खरेदीखतात, ‘मूळ राहणार मौजे अमुक, हल्ली मुक्काम तमुक’ असे लिहिण्याची रीत होती. मला ती फार शहाणपणाची वाटते, कारण दोहोंपैकी एकच खरे मानण्याची सक्ती ती माणसावर करीत नाही. तू लंडनच्या खोलीस घर म्हटलेस याचे मला यत्किंचित दुःख नाही, मात्र म्हटले आहेस तर त्या वस्तीचा हो: शेजाऱ्यांची नावे माहीत करून घे, त्यांच्या अडीअडचणीस जा; आणि राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने तेथे वास्तव्य करणाऱ्या भारतीयासही मतदानाचा हक्क आहे, तेव्हा मतदार यादीत नाव नोंदवून तो हक्क बजाव. तेथे मिळवावे, राहावे आणि त्या गावाच्या बऱ्यावाइटाशी आपला संबंध नाही असे मानावे, हे त्या जुन्या अंमलदारांचेच वर्तन झाले. ते आपल्या घराण्यातील मुलाने गिरवू नये.

पारनेरविषयीही हेच म्हणणे आहे. गावची आठवण येऊन डोळे भरतात असे तू लिहितोस, ते वाचून मला गहिवर आला. पण मिळकतीच्या उताऱ्यावर वडिलांच्या पश्चात वारस म्हणून तुझे नाव लागले आहे, आणि नावाबरोबर काही जबाबदारीही लागते. रकान्यात पारनेरचाच पत्ता लिही, कारण तुझे महत्त्वाचे कागद येथे आले तर मी ते सांभाळून ठेवीन. नगरपंचायतीची घरपट्टी मी दोघांच्या हिश्शाची भरली असून पावतीची नक्कल सोबत जोडली आहे. मागच्या सोप्याचे धाबे गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळले. मृगापूर्वी त्यावर पांढरी माती टाकून घ्यावयाची आहे आणि एक तुळई बदलावी लागेल असे मिस्त्रीचे म्हणणे पडले. त्याचा अंदाज आला की तुझ्या वाट्याची रक्कम कळवीन, ती वेळेवर पाठव. आणि दिवाळीस येशील तेव्हा चार दिवस जास्तीचे काढून ये, कारण भूमापन कचेरीत तुझ्या सहीची दोन कामे खोळंबली आहेत.

तुझा,
काका