रंगवलेली भिंत

संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपण पालक सहज म्हणून जातो. पण त्यातील गावे, भिंती, झाडे कोणीतरी हाताने रंगविलेली असतात, हे विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

२००४ साली आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ पाहा. आकार साधे, मोजक्या पृष्ठभागांचे; दगडांच्या फटी, उजेड, सावली हे सारे रंगातच. म्हणून तो त्या वेळच्या साध्या संगणकांवरही चालला.

‘ब्लेंडर’मध्ये भिंतीचा ठोकळा करून कडा किंचित झिजवाव्यात. पुठ्ठ्याचे खोके उलगडतो तसे त्याचे पृष्ठभाग सपाट उलगडावेत. मग ५१२ × ५१२ बिंदूंच्या चौकटीत आधी मधला रंग, नंतर मोठ्या छाया आणि शेवटी कडांवर उजेड द्यावा. छायेसाठी नुसता काळा मिसळू नये, दगड मळकट दिसतो. निळसर-जांभळी छटा घ्यावी. प्रत्येक चीर रंगविण्याचा मोह आवरावा. लांबून तो नुसता गोंधळ दिसतो.

अशा अभ्यासक्रमांच्या फीसाठी कर्ज मागणारे पालक आम्ही बँकेत पाहतो. ‘ब्लेंडर’ आणि रंगकामाचे ‘क्रिटा’ दोन्ही विनामूल्य मिळतात. अर्ज भरण्यापूर्वी मुलाने घरी एक भिंत पुरी करून पाहावी.