काचेचा मनोरा आणि लाकडी फळ्या : मुलांना वाद कसा शिकवावा?



परिसर अभ्यासात निवाऱ्याचे प्रकार शिकवताना एखादं मूल विचारतंच, "बाई, एवढी उंच काचेची इमारत वाऱ्याने फुटत नाही का?" मग मी अमेरिकेतल्या बोस्टन शहराची गोष्ट सांगते.

इमारत आणि वाद

बोस्टनमधली सर्वांत उंच इमारत म्हणजे पूर्वीचा जॉन हॅनकॉक टॉवर. ६० मजले, उंची सुमारे २४१ मीटर. तिच्या शेजारीच १८७७ सालचं दगडी ट्रिनिटी चर्च आहे. इमारतीचा आराखडा पुढे आला तेव्हा लोक चिडले. चर्चवर सावली पडेल, जुना चौक खुजा दिसेल, असं त्यांचं म्हणणं. वास्तुविशारद हेन्री कॉब यांचं म्हणणं वेगळं होतं: आरशासारख्या काचेत आकाश आणि चर्चच दिसेल, त्यामुळे इमारत अंगावर येणार नाही.

दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत, नाही का?

मग काय झालं?

पायासाठी खोदताना आजूबाजूची भराव घातलेली जमीन सरकली आणि चर्चचं नुकसान झालं. पुढे जानेवारी १९७३ च्या वादळात काचा फुटून खाली पडल्या. एकेक काच सुमारे २२७ किलोची! वारा वाढला की खालचे रस्ते बंद करावे लागत. फुटलेल्या काचांच्या जागी प्लायवूड ठोकलं, म्हणून लोक इमारतीला चेष्टेने 'प्लायवूडचा राजवाडा' म्हणू लागले.

खरं कारण

इमारत वाऱ्यात डोलत होती हे खरं, पण काचा फुटण्याचं मूळ कारण ते नव्हतं. प्रत्येक खिडकीत दोन काचा आणि मध्ये पोकळी होती. कडेची शिशाची पट्टी काचेला डाख देऊन जोडली होती. हा जोड फार ताठ होता. ऊन-थंडीने काच प्रसरण-आकुंचन पावते, वाऱ्याने थरथरते. जोड जराही लवचीक नसल्याने सगळा ताण काचेवर आला आणि तिला तडे गेले. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे इथे जरूर विचारा. शेवटी सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलून एकेरी, उष्णता देऊन कणखर केलेल्या काचा बसवल्या. १९७६ मध्ये इमारत वापरात आली. पुढे १९७७ आणि २०११ साली अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने तिचा गौरवही केला.

वर्गात काय करावं?

फळ्यावर दोन रकाने आखा. एकात 'इमारत सुंदर आहे का? चौकात शोभते का?' दुसऱ्यात 'काच का फुटली? खालून जाणारा माणूस सुरक्षित आहे का?' पहिल्या रकान्यावर वर्गाचे दोन गट करून खुशाल वाद घालू द्या. दुसऱ्यावर मात्र हात वर करून मतदान घेऊ नका. तिथे कारण शोधावं लागतं, तपासावं लागतं.

माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, बक्षीस मिळालं म्हणजे आधी चूक झालीच नव्हती असं थोडंच?" मी ते वाक्य तसंच फळ्यावर लिहून ठेवलं.

पालकहो, घरीही हे करून बघा. मूल वाद घालू लागलं की त्याला गप्प करू नका. फक्त विचारा, "हे तुझं मत आहे, की तू तपासून पाहिलंस?"