ॲटनबरो : एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाची गोष्ट

रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' (१९८२) चित्रपट तुम्ही पाहिला असेलच. त्याच्या वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. रिचर्ड यांचे धाकटे भाऊ डेव्हिड तर प्राण्यांवरच्या माहितीपटांमुळे जगभर माहीत आहेत. या दोघांमुळे आडनाव ओळखीचं वाटतं, पण इंग्लंडमध्ये ते मोजक्याच घरांत सापडतं.

मुळात हे गावाचं नाव. नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो गाव आजही आहे. शेवटचा 'बरो' जुन्या इंग्रजीतल्या 'बुर्ह'वरून आला, म्हणजे तटबंदीची जागा. आपल्या चिपळूणकर, सातारकरसारखाच प्रकार. अशी आडनावं बहुधा गाव सोडल्यावरच चिकटतात. चिपळुणात राहणाऱ्या माणसाला चिपळूणकर म्हणून वेगळं कसं ओळखणार?

इंग्लंडमध्ये आडनावं वडिलांकडून मुलाकडे जायला लागून साधारण ७०० वर्षं झाली. आता विज्ञानाचं पुस्तक आठवा. वाय गुणसूत्रही वडिलांकडून फक्त मुलग्याला मिळतं. मग दोन्ही सोबत चालतात का? लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० आडनावांचे सोळाशेहून जास्त पुरुष तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. (गंमत म्हणजे या विद्यापीठाचं आधी कॉलेज होतं, तेव्हा रिचर्ड-डेव्हिडचे वडील त्याचे प्राचार्य होते.)

स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी, त्यामुळे स्मिथ मंडळींचा एकमेकांशी खास संबंध दिसला नाही. ॲटनबरोंमध्ये मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र जवळजवळ सारखं निघालं. म्हणजे त्यांचा मूळपुरुष बहुधा एकच.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग बाकीचे खोटे ॲटनबरो का?"

विचारणारा मुलगा आईचं आडनाव लावतो, हे मला क्षणभराने आठवलं. म्हटलं, नाही रे. सातशे वर्षांत कुणी दत्तक आलं असेल, कुणी आईचं नाव लावलं असेल, कुणी लग्नाबाहेर जन्मलं असेल. ते नाव त्यांनीही पुढे नेलंच ना? आणि या तपासणीत ॲटनबरोंच्या लेकी तर कुठेच दिसत नाहीत. त्यांची मुलं, नातवंडं दुसऱ्याच आडनावांनी आज इंग्लंडभर असतील, रक्त तेच असून.

तो म्हणाला, "मग त्यांना पण मोजायला पाहिजे होतं."