मातांचा कैवारी

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या राजधानीतील, म्हणजे व्हिएन्ना शहरातील, सार्वजनिक रुग्णालयाची कीर्ती सर्व युरोपभर पसरलेली होती. वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी दूरदूरच्या देशांतून तरुण तेथे येत. या रुग्णालयाच्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्या विभागात सुईणींना शिक्षण दिले जाई. दोन्ही विभाग एकमेकांना लागूनच होते. कोणत्या स्त्रीस कोणत्या विभागात घ्यावयाचे, हे ती कोणत्या दिवशी आली यावर ठरत असे.

असे असूनही या दोन विभागांत एक भयंकर अंतर होते. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि त्यांत ४५९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ माता दगावल्या. म्हणजे एकीकडे सुमारे नऊ मातांमागे एक, तर दुसरीकडे छत्तीस मातांमागे एक मृत्यू पावत होती. बहुतेकींच्या मृत्यूचे कारण एकच असे. बाळंतपणानंतर त्यांना कडक ताप येई व थोड्याच दिवसांत त्यांचा अंत होई. या रोगास सूतिकाज्वर म्हणत. शहरातील गोरगरीब स्त्रियांना हे ठाऊक होते. आपल्याला पहिल्या विभागात पाठवू नये म्हणून त्या हात जोडून विनवण्या करीत.

याच १८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस हा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बुडा शहरी झाला होता. डोळ्यांदेखत माता मरत आहेत आणि त्यांची तान्ही मुले पोरकी होत आहेत, हे पाहून त्याच्या जिवास चैन पडेना.

हा रोग दूषित हवेमुळे होतो, असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानीत. पण शहराची हवा दोन्ही विभागांना सारखीच होती. गर्दीमुळे रोग पसरतो म्हणावे, तर दुसऱ्या विभागातच गर्दी अधिक असे. दुसऱ्या विभागात बाळंतिणीस कुशीवर निजवीत. तसे पहिल्या विभागातही करून पाहिले, परंतु फरक पडला नाही. मरणासन्न रुग्णाकडे जाणारा धर्मगुरू पहिल्या विभागातून घंटा वाजवीत जात असे. त्या आवाजाने स्त्रिया घाबरतात, असेही कोणी म्हणत. सेमेलवाइसने त्याची वाट बदलविली आणि घंटा बंद करविली. तरीही मृत्यू थांबले नाहीत.

१८४७ च्या मार्च महिन्यात सेमेलवाइस व्हेनिसहून परत आला, तेव्हा त्याला एक दुःखद वार्ता समजली. त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले होते. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटास लागली होती. त्यानंतर त्यांना ताप आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शवाच्या तपासणीचा वृत्तांत वाचून सेमेलवाइस चकित झाला. सूतिकाज्वराने मेलेल्या मातांच्या शरीरात जे बिघाड आढळत, तेच येथेही आढळले होते.

आता त्याच्या मनात प्रकाश पडला. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून थेट बाळंतिणींना तपासावयास येत. ते साबणाने हात धूत, पण हातांचा वास जात नसे. ज्याचा वास मागे राहतो, त्याचे कणही मागे राहत असले पाहिजेत! सुईणी मात्र शवविच्छेदन करीत नसत. दोन विभागांतील भेदाचे मूळ सापडले. ते हवेत नव्हते. ते डॉक्टरांच्याच हातांवर होते.

मे १८४७ मध्ये सेमेलवाइसने विभागाच्या प्रवेशापाशी क्लोरीनयुक्त पाण्याचे पात्र ठेविले. पुढे तो ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरू लागला. या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणीही बाळंतिणीस स्पर्श करावयाचा नाही, असा नियम त्याने घातला. एप्रिलमध्ये शंभरांतील अठराहून अधिक माता दगावल्या होत्या. जून, जुलै व ऑगस्ट या महिन्यांत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक आघात झाला. कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीस प्रथम तपासून नंतर ओळीने इतर बाळंतिणींना तपासले गेले. त्या बारा जणींपैकी अकरा मरण पावल्या. रोग शवाकडूनच नव्हे, तर जिवंत रुग्णाकडूनही पसरतो, हे सेमेलवाइसने ओळखले. प्रत्येक रुग्णास तपासण्यापूर्वी हात धुतलेच पाहिजेत, असा नियम त्याने केला. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत केवळ ४५ माता दगावल्या. त्या वर्षीच्या मार्च व ऑगस्ट महिन्यांत तर एकही माता मरण पावली नाही.

इतका उघड पुरावा समोर असताना सर्वांनी ही रीत आनंदाने उचलावयास हवी होती. पण तसे घडले नाही. आपल्याच हातांनी आपण रुग्णांना मृत्यू दिला, हे मान्य करणे डॉक्टरांना फार जड गेले. विभागाच्या प्रमुखांना हे मत पटले नाही. शिवाय रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी झालेले नव्हते. हातावरचे कण दाखवा, असे कोणी म्हटले, तर सेमेलवाइसजवळ दाखविण्यासारखे काही नव्हते. १८४९ साली त्याच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ती वाढविण्यात आली नाही.

सेमेलवाइसच्या हातूनही काही गोष्टी राहून गेल्या. त्याच्या बाजूने त्याचे मित्र लिहीत व बोलत होते, परंतु तो स्वतः कित्येक वर्षे लेखणी हाती घेईना. १८५० साली त्याने व्हिएन्नातील डॉक्टरांच्या सभेत आपले विचार मांडले. पण त्याच वर्षी मित्रांचाही निरोप न घेता त्याने ते शहर सोडले. पुढे हंगेरीतील पेस्ट शहराच्या एका रुग्णालयात त्याने सहा वर्षे काम केले. तेथे ९३३ बाळंतपणांत सूतिकाज्वराने केवळ आठ माता दगावल्या. त्याचा ग्रंथ मात्र १८६१ साली, शोधानंतर तब्बल चौदा वर्षांनी, लोकांपुढे आला. त्यावर टीका होताच त्याने संतापून खुली पत्रे लिहिली व आपल्या विरोधकांना खुनी ठरविले. त्याचा संताप खोटा नव्हता, कारण रोज माता मरत होत्या. परंतु ज्यांचे हात धुवून घ्यावयाचे, तेच या शब्दांनी अधिक दुरावले. अखेरीस त्याचे मन बिघडले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नातील एका वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच दिवशी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी जोसेफ लिस्टर हा शस्त्रवैद्य एका अकरा वर्षांच्या मुलावर उपचार करीत होता. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्या मुलाचे हाड मोडून मोठी जखम झाली होती. लिस्टरने ती कार्बोलिक आम्लाने बांधली. जखम चिघळली नाही आणि मुलाचा पाय वाचला. सूक्ष्म जंतूंमुळे पदार्थ नासतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याचे संशोधन लिस्टरने वाचले होते. त्यामुळे आपली रीत का उपयोगी पडते, हे त्याला सांगता येत होते. त्यालाही विरोध झाला. परंतु त्याने १८६७ पासून आपले प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केले, विद्यार्थी तयार केले आणि १८७७ साली लंडनला जाऊन, जेथे शंका घेणारे अधिक होते, तेथेच शस्त्रक्रिया करून दाखविल्या. हळूहळू रुग्णालये बदलली.

आज सेमेलवाइसचे म्हणणे जगाने स्वीकारले आहे. बुडापेस्ट येथील वैद्यकीय विद्यापीठास १९६९ पासून त्याचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने दरवर्षी ५ मे हा हातांच्या स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळला जातो. तरीसुद्धा, घाईगर्दीत हात धुण्याचे राहून जाते, हा अनुभव मोठमोठ्या रुग्णालयांनाही येतो. म्हणून तेथे आता केवळ नियम लावून थांबत नाहीत. हात स्वच्छ करण्याचे द्रावण रुग्णाच्या खाटेपाशीच ठेवितात, नियम का केला हे सर्वांस समजावून देतात आणि किती जण तो पाळतात याची नोंद ठेवितात.

चांगली गोष्ट शोधून काढणे हे मोठे काम आहेच. पण ती शेकडो लोकांच्या नित्याच्या सवयीत उतरविणे हे त्याहून अवघड काम आहे. त्यासाठी पुरावा हवा, तसाच धीरही हवा. आणि ज्यांची चूक दाखवावयाची, त्यांनाही बरोबर घेऊन जाण्याची तयारी हवी.

स्वाध्याय
१. दोन विभागांतील मृत्यूंच्या भेदाची कोणती कारणे सेमेलवाइसने तपासून बाजूस सारली?
२. प्राध्यापक कोलेच्का यांच्या मृत्यूवरून त्याने कोणते अनुमान काढले?
३. सेमेलवाइस आणि लिस्टर यांच्या कार्यपद्धतींत तुम्हांस कोणता फरक दिसतो?
४. तुमच्या शाळेत एखादी चांगली सवय रुजवावयाची असल्यास तुम्ही काय काय कराल, ते दहा ओळींत लिहा.